पलंगावर सू करणारी मांजरं

सकाळी 6

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की नागपुरात कामं सकाळीच उरकावी लागतात. अकरानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. सहाला मी चहा ठेवते आणि फोन बघते. रात्रीतून आलेले निरोप म्हणजे बहुतेक फोटो असतात. गादीवरचा ओला डाग, सोफ्याचा कोपरा, वाळत घातलेली दुलई, न्हाणीच्या जाळीपाशी साचलेलं पिवळं पाणी. खाली एखादं वाक्य, ‘मॅडम, हिनं परत केलं.’ ताप, जखमा आणि उलट्यांच्या बरोबरीनं हे दुखणं माझ्या दवाखान्यात येतं. लिटरचा ट्रे घरात आहे, मांजर इतकी वर्षं त्यातच जात होतं, आणि आता बाहेर करतं.

हे फोटो मी घाईत बघत नाही. डाग केवढा आहे आणि कुठे आहे, यात अर्धं निदान असतं. चार-पाच ठिकाणी नुसते थेंब पडले असतील, तर मूत्राशयाला सूज आहे, सारखी कळ येतेय आणि आत फारसं काही नाही, असा माझा पहिला अंदाज. गादीवर मोठं थारोळं असेल, तर मूत्रपिंडं आणि रक्तातली साखर तपासायची, किंवा मग त्याला ट्रेच का नकोसा झाला ते शोधायचं. भिंतीवरून, दाराच्या चौकटीवरून, कूलरच्या पत्र्यावरून धार ओघळली असेल तर प्रकरण वेगळं. ते फवारणं आहे, शेपटी ताठ करून, थरथरवत, उभ्यानं केलेलं. ती हद्दीची खूण आहे.

निरोगी मांजर दिवसाकाठी दोन ते चार वेळा लघवी करतं. म्हणून सगळ्यांना मी आधी एवढंच विचारते, की किती वेळा ट्रेमध्ये जातंय, बोका आहे की मांजरी, आणि बसल्यावर काही बाहेर येतंय का. बोका असेल आणि शेवटचं उत्तर ‘नाही’ असेल तर चहा तिथेच ठेवून मी दवाखान्याची किल्ली उचलते. आजच्या फोटोंत तसं कोणी नाही.

सव्वासात

ऊन चढायच्या आत मनीषनगरातलं एक घर करायचं आहे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा महिना सरत आलाय. मांजरी तीन वर्षांची, राखाडी पट्ट्यांची, नाव चिंगी. मुलगी येताच घरच्यांनी लिटरचा ट्रे बेडरूमच्या कोपऱ्यातून उचलून गॅलरीत नेला, कारण गरोदर बाईनं मांजरापासून लांब राहावं असं कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून चिंगी मुलीच्या पलंगावर करते. घरातल्या सगळ्यांचं एकमत आहे, की हिला मुलगी आलेली खपत नाही. काकांनी पोतं काढून ठेवलंय. कळमेश्वरकडे त्यांच्या भावाचं शेत आहे, तिथे सोडून येणार.

गॅलरी पश्चिमेची. आत्ता फरशी कोमट लागते. काकूच म्हणाल्या, “दुपारी तिथं चप्पल घालून बी उभं राहवत नाही जी.” शिवाय झळा आत येऊ नयेत म्हणून दहापासून सहापर्यंत गॅलरीचं दार बंद. मांजरानं जावं कुठे? तिच्या नाकाला ट्रेची जुनी जागा माहीत आहे. त्या जागेपासून दोन हातांवर मुलीचा पलंग आहे, आणि लघवी चटकन शोषून घेणारी, पायाला मऊ लागणारी दुसरी वस्तू तिथे नाही. मुलगी यायच्या आधी पलंगाला नुसती फळी होती, गादी तिच्यासाठी टाकली. रागाचा यात काही संबंध नाही.

मग मी गरोदरपणाच्या भीतीबद्दल बसून बोलते, कारण ती उडवून लावण्यासारखी नाही. टोक्सोप्लाझ्मा हा जंतू गर्भाला खरोखर इजा करू शकतो. पण तो मांजराच्या विष्ठेतून येतो, लघवीतून नाही. तोही आयुष्यात बहुतेक एकदाच, पहिल्यांदा लागण झाल्यावर थोडे दिवस. विष्ठेतून पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला कमीत कमी एक दिवस लागतो. म्हणजे ट्रे रोज साफ केला, तो मुलीनं न करता दुसऱ्या कोणी केला, आणि मांजराला कच्चं मांस घातलं नाही, तर धोका फारच थोडा उरतो. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, यांचा धोका त्याहून मोठा आहे. मुलीनं हे सगळं लिहून घेतलं. तिला मांजर घरात हवंच होतं, फक्त बोलायला आधार नव्हता.

काकांना मी दोन गोष्टी सांगितल्या. घरात वाढलेलं मांजर शेतावर जगत नाही. तिथल्या कुत्र्यांची, पाण्याची, लपायच्या जागांची त्याला काहीच माहिती नसते. आणि पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं मरेल असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पोतं त्यांनी स्वतःच घडी करून माळ्यावर टाकलं. ट्रे जुन्या कोपऱ्यात आला. पलंगावर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकायला सांगून मी निघाले.

साडेनऊ

दवाखाना उघडताना बाकावर दोन पिंजरे होतेच. पहिल्यात पर्शियन मांजरी, चार वर्षांची. सोबत कॉलेजातला मुलगा आणि त्याची आई.

“ट्रेत जाते, बाहेर येते, सोफ्यावर बसते, मग चादरीवर. काल थेंब लाल दिसला,” मुलगा म्हणाला.

“आम्ही गोंदियाले लग्नाले गेलतो ना, शेजारणीजवळ ठेवली होती. त्याचाच राग काढून राह्यली,” आई म्हणाली.

पोटाला हात लावताच मांजरी आखडली. मूत्राशय लहान, जाड आणि दुखरं. सोनोग्राफीत भिंत सुजलेली दिसली, खडा नव्हता. मूत्रपिंडं मी मुद्दाम पाहिली, कारण पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. ती साफ होती. थोडं सलाईन देऊन थांबलो, मग बारीक सुईनं पोटातूनच थोडी लघवी काढली, म्हणजे ट्रेमधली माती किंवा जंतू त्यात मिसळत नाहीत.

हे पुढचं काम मी स्वतः करते आणि लगेच करते. लघवी फ्रीजमध्ये ठेवली तर थंड होताना तिच्यात स्फटिक तयार होतात, आणि नसलेला आजार काचेवर दिसतो. एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, बाकीची फिरवून तळाचा गाळ काचपट्टीवर. भिंगाखाली लाल पेशीच लाल पेशी. कडेला एक-दोन स्फटिक, आयताकृती, उतरत्या कडांचे. जंतू एकही नाही. मुलाला मी वाकून बघायला सांगितलं. स्वतःच्या डोळ्यांनी रक्त पाहिल्यावर तो आईला म्हणाला, “हिले दुखून राह्यलं आई. राग नाही हा.”

तरुण मांजरांत लघवीच्या अशा तक्रारी येतात तेव्हा जंतुसंसर्ग क्वचितच असतो. निम्म्याहून जास्त मांजरांत खडा नसतो, जंतू नसतात, फक्त सुजलेलं मूत्राशय असतं. त्याला इडिओपॅथिक सिस्टायटिस असं नाव आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की हा आजार एकट्या मूत्राशयाचा नाही. ज्या मांजराची ताण सोसायची ताकद मुळात कमी आहे त्याचा ताण मूत्राशयात उतरतो. 2006 साली त्यांनी 46 मांजरांच्या मालकांकडून घरातली व्यवस्था बदलून घेतली. लपायच्या जागा, उंचावरच्या जागा, ट्रेची जागा, खेळ, पाणी. मांजरांचा त्रास लक्षणीय कमी झाला. पुढे 2011 च्या कामात असंही दिसलं, की माणसांच्या वेळा विस्कटल्या की निरोगी मांजरंही ट्रेबाहेर करू लागतात. गोंदियाचं लग्न कारणीभूत असेलच, फक्त आई म्हणते त्या वाटेनं नाही.

“ट्रे कुठे ठेवलाय?”

“कूलरच्या मागे. तिथं वास येत नाही.”

हे उत्तर मला नागपुरात दर उन्हाळ्यात मिळतं. होळीनंतर गच्चीवरून कूलर उतरतात, नव्या खसच्या ताट्या बसतात, आणि हॉलच्या ज्या कोपऱ्यात आठ महिने शांतता होती तिथे एकाएकी पत्रा थरथरायला लागतो. पंप मधूनच चालू होतो, मधूनच बंद. शिंतोडे ट्रेत उडतात आणि लिटरचा चिखल होतो. मांजर ट्रेमध्ये बसलेलं असताना ते सगळ्यात असुरक्षित असतं, मागून कोण येतंय ते त्याला ऐकू यायला हवं. त्या घरघराटात काहीही ऐकू येत नाही.

आईंना अँटिबायोटिक हवं होतं. मी दिलं नाही. ही सूज पुष्कळदा आठवड्याभरात आपोआप उतरते आणि श्रेय इंजेक्शनला जातं. मग महिन्यानं पुन्हा येते, पुन्हा इंजेक्शन. वेदनेवरचं औषध मात्र मी नक्की देते, कारण वेदना खरी आहे. आणि पाणी. मांजराचा मूळ पूर्वज आफ्रिकी रानमांजर, कोरड्या मुलखातला. तहान कमी, लघवी घट्ट, पाण्याची बहुतेक गरज शिकारीच्या मांसातून भागायची. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्या खाद्यात पंचाहत्तर-ऐंशी. 45 अंशांत कोरडे दाणे खाणारं मांजर किती घट्ट लघवी करत असेल याचा विचार करा. ओलं खाद्य परवडत नसेल तर उकडलेल्या चिकनचं कोमट पाणी त्याच दाण्यांवर घालायचं, मीठ-कांदा-लसूण न टाकता. पाण्याची वाटी रुंद हवी, ट्रेपासून लांब हवी, आणि वाट्या एकीपेक्षा जास्त हव्या.

अकरा

इतवारीतले एक धान्यवाले. बोका दुकानातला, नाव मन्या. पोत्यांवर फवारतो, गिऱ्हाईक नाक दाबून उभं राहतं. मन्याला त्यांनी आणलंय सुतळीनं बांधलेल्या टोपलीतून, आणि टोपलीसकट साऱ्या दवाखान्यात त्याचा वास भरलाय.

त्या वासाला कारण आहे. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. ते फुटून गंधकाचे उडणारे पदार्थ तयार होतात, आणि त्याचा उग्रपणा बोक्याच्या नर-संप्रेरकावर अवलंबून असतो. जपानमधल्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी यामागचं प्रथिन शोधून काढलं. दुसऱ्या बोक्यांसाठी ती पाटी असते: इथे धडधाकट नर आहे.

“ऑपरेशन केलं तर उंदरं कोण मारल मग?” त्यांनी विचारलं.

“तोच मारेल. शिकारीचा आणि नसबंदीचा संबंध नाही.”

“सुस्त होते म्हणतात.”

“खायला जास्त घातलं तर होतो. भांडणं कमी होतील, रात्री भटकणं कमी होईल. दहातल्या नऊ बोक्यांचं फवारणं थांबतं नाहीतर बरंच उतरतं.”

ते जरा वेळ मन्याकडे बघत बसले. या माणसाचं बोक्यावर खरं प्रेम आहे, ते त्यांच्या हातांवरच्या जुन्या ओरखड्यांवरून आणि त्याचा कान ज्या तऱ्हेनं चोळत होते त्यावरून कळत होतं. शुक्रवारची सकाळची वेळ त्यांनी घेतली. उन्हाळ्यात मी ऑपरेशनं आठच्या आत संपवते.

साडेबारा

सकाळचा शेवटचा रोगी मानेवाड्याहून, आणि याच्याबद्दल मला जोरात बोलायचं आहे.

सात महिन्यांची मांजरी, तोंडातून लाळेची तार, जिभेच्या टोकावर फोड, खात नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की ती न्हाणीबाहेर लघवी करायची, म्हणून त्या जागेवर तीन-चार दिवस फिनाईल ओतलं. पाण्यात न मिसळता, तसंच. ती त्यावरून चालली आणि नंतर बसून तिनं पंजे चाटले.

आपल्याकडे घरातला कुठलाही घाण वास घालवायचा म्हणजे फिनाईल, हे डोक्यात इतकं पक्कं आहे की मांजर पाळणाऱ्या घरांतही बाटली मोरीखाली असतेच. काळ्या फिनाईलमध्ये फेनॉलच्या जातीची द्रव्यं असतात, पांढऱ्यात बहुधा पाइन तेल. मांजराच्या यकृतात अशी द्रव्यं मोडून बाहेर टाकणारी एक यंत्रणा जवळजवळ नाहीच, तिच्यासाठी लागणारं जनुक मांजराच्या वंशात निकामी झालेलं आहे. माणूस किंवा कुत्रा जे पचवतो ते मांजराला मारतं. याच कारणानं पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ताप आलाय म्हणून ती देणारे लोक मला दर वर्षी भेटतात.

आणि फिनाईलनं काम तरी होतं का? नाही. माणसाच्या नाकाला लघवीचा वास येईनासा होतो, मांजराच्या नाकाला दोन्ही येतात. ब्लीचही नको. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घशाला झोंबणारा विषारी वायू तयार होतो. ओलं आधी जुन्या फडक्यानं टिपायचं, मग कपड्यांच्या पावडरचं पाणी, मग साधं पाणी, वाळल्यावर एन्झाइम असलेला क्लीनर, तो भरपूर ओतून दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्यायचा. मिळत नसेल तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात. गादीच्या आत गेलेलं असेल तर तितकंच आत पोचलं पाहिजे, नुसतं वर पुसून चालत नाही.

मांजरीचं तोंड आणि पंजे धुतले, सलाईन लावलं, रक्त तपासायला घेतलं. यकृताचे आकडे संध्याकाळी कळतील. तिला इथेच ठेवलं.

दुपारी दीड

शटर अर्धं खाली. ताकभात, वर लोणचं. बाहेर झाडाखाली एक रिक्षा उभी, तिच्यात चालक झोपलेला. या वेळात मी सकाळच्या नोंदी लिहिते आणि लोकांच्या लिटरबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं पाठवते.

घरात मांजरासाठी माती ठेवण्याची ही पद्धत फार जुनी नाही. 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एड लोव नावाच्या माणसाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. राख वापरून तिचं घर काळं झालं होतं. कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायला तो एक दाणेदार माती विकत असे, तीच त्यानं तिला दिली. ती फुलर्स अर्थ, म्हणजे आपली मुलतानी माती. त्यातून एक धंदा उभा राहिला. गोळे होणारं लिटर ऐंशीच्या दशकात आलं, ते बेंटोनाइटचं. आपल्या देशात बेंटोनाइटचा मोठा साठा कच्छमध्ये आहे.

महाग पडतं हे खरं. माझ्याकडे येणारी पुष्कळ घरं कन्हानची रेती वापरतात, बांधकामावरून आणलेली, चाळून, उन्हात तापवून. मला त्यात काही वावगं वाटत नाही. मांजराला बारीक, मऊ, पायाखाली सरकणारी माती आवडते, आणि रेती तशीच असते. तिचे गोळे होत नाहीत, म्हणून ती वारंवार बदलावी लागते, एवढंच. लाकडाचा भुसाही काही मांजरं चालवून घेतात. माझा विरोध आहे तो लॅव्हेंडर, गुलाब, लिंबू अशा वासाच्या लिटरला. तो वास माणसासाठी घातलेला असतो. मांजर त्यात पाय घालून झटकतं आणि बाहेर जातं.

ट्रे मोठा हवा. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर जेवढं लांब, त्याच्या दीडपट. बाजारात मिळणारे बहुतेक त्याहून लहान असतात. भांडी ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा टब स्वस्तात मिळतो आणि चांगला चालतो. झाकणवाले ट्रे आपल्या उन्हाळ्यात तर नकोच, आत वास आणि ऊब कोंडते.

साडेचार

उन्हातच सेमिनरी हिल्सला जाऊन आले. कालच्या एका बोक्याच्या मूत्राशयात खडे निघालेत, त्याच्या शस्त्रक्रियेबद्दल पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात बोलायचं होतं. हे महाविद्यालय 1958 चं. 2000 साली महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरात आलं तेव्हापासून ते त्याचा भाग आहे. मी इथेच शिकले. तेव्हा आमचे हात गाई-म्हशींवर घडले. आता त्याच आवारात मांजरांचे पिंजरे घेऊन लोक बसलेले दिसतात, आणि मुलं मांजरांना दोन्ही हातांनी, हळू, न दाबता उचलायला शिकतात. मला ते बघून फार बरं वाटतं.

सहा

धंतोलीच्या आजी आणि त्यांची तेरा वर्षांची सोनी. सोनी ट्रेच्या अगदी कडेला, पण बाहेर करते. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो की म्हातारी झाली, आता हिचं असंच चालायचं.

लघवी पातळ होती, मूत्रपिंडाचे आकडे थोडे चढलेले, साखर ठीक. तेवढ्यानं उलगडा होईना, कारण सोनी ट्रेपर्यंत जाते. मग मी तिला टेबलावरून खाली सोडलं आणि चालताना पाहिलं. मागचे पाय जवळजवळ, पावलं आखूड. खुर्चीवर चढायच्या आधी ती थांबली, नजरेनं उंची मोजली, आणि चढलीच नाही.

2002 च्या एका अमेरिकी अभ्यासात बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे पाहिले, त्यातल्या 90 मांजरांत सांध्यांची झीज सापडली. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. ते फक्त उड्या मारायचं थांबवतं आणि आपण त्याला म्हातारपण म्हणतो. सोनीच्या ट्रेची कड सहा इंच उंच आहे. लघवी आता जास्त होते, म्हणजे ती कड दिवसातून आठ वेळा ओलांडायची.

एक बाजू करवतीनं कापून दोन इंचांवर आणायला सांगितली, काठ मेणबत्तीनं तापवून गुळगुळीत करायचा. आजी ऐकत होत्या, मग म्हणाल्या, “माह्या गुडघ्यांसाठी न्हाणीचा उंबरठा काढला पोरानं मागच्या साली. हिचा राहून गेला पाहा.”

पावणेआठ

महालातल्या एका जुन्या घरी. दोन बोके, सख्खे भाऊ, नसबंदी झालेले. कोण करतं ते कळत नाही. नोटा तपासायचा निळा दिवा घेऊन दिवे मालवले, वाळलेली लघवी त्यात पिवळसर चमकते. डाग सगळे आतल्या खोलीत, दोन्ही ट्रे बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी, आणि मधल्या अरुंद बोळात थोरला आडवा पडलेला. मारामारी नाही, गुरगुर नाही. नुसता पडून राहतो. धाकट्याला त्याच्यावरून उडी मारून जायचा धीर होत नाही. घरच्यांना हे दोघे गुण्यागोविंदानं राहतात असं वाटत होतं.

जेवढी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, हा नियम सगळे ऐकतात, पण एकाच भिंतीला लावलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच असतात. एक ट्रे आतल्या खोलीत हलवला. धाकट्याची लघवी उद्या तपासायला आणतील. तेही सोडायचं नाही, कारण घाबरलेल्या मांजरालाही खडा असू शकतो.

पावणेदहा

हिंगण्याहून फोन.

“मॅडम, बोका सकाळपासून संडासले बसून राह्यला, पण होऊन नाही राह्यली. एरंडेल पाजलं. आता उलटी केली. उद्या सकाळी आणू का?”

“शी होत नाहीये की लघवी?”

“ते काही समजत नाही जी. ट्रे कोरडाच आहे.”

“आत्ता आणा. या मिनिटाला निघा.”

लघवी अडलेला बोका बद्धकोष्ठ झालेल्यासारखाच बसतो, म्हणून लोक फसतात. बोक्याची मूत्रनळी टोकाला अतिशय अरुंद. स्फटिकांचा आणि चिकट गाळाचा एवढंसं बूच पुरतं. मागे मूत्राशय भरत जातं, मूत्रपिंडं थबकतात, रक्तात पोटॅशियम चढतं, आणि शेवटी हृदय थांबतं. पूर्ण अडल्यापासून दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीच. उलटी सुरू झाली म्हणजे विष चढू लागलंय.

साडेदहाला ते पोचले. नवरा-बायको, मोटारसायकलवर, बोका तिच्या ओढणीत. पाच वर्षांचा, अंग गार, डोळे उघडे पण बघत नाहीत. पोटाला हात लावला तर मूत्राशय संत्र्याएवढं आणि तितकंच टणक. ठोके मिनिटाला 110, मांजराचे 160 च्या वर हवेत. ईसीजीच्या पट्टीवर सुरुवातीची छोटी लाट नाहीशी झालेली, शेवटची उंच आणि टोकदार. पोटॅशियमचा आकडा यायच्या आधीच मी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट सुरू केलं, अगदी हळू, डोळे पट्टीवर ठेवून. त्यानं पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला मात्र तोवर तग धरता येतो. मग सलाईन, मग हलकी भूल.

नळी टोकाशीच अडली. जोर लावायचा नाही, मूत्रनळी फाटते. निर्जंतुक सलाईननं मागे ढकलत, थोडं थांबत, पुन्हा ढकलत. माझा मदतनीस टॉर्च धरून उभा. वाळूसारखा कण बाहेर आला, मग आणखी एक. मग नळी एकदम आत सरकली आणि तांबूस लघवी पिचकारीतून भांड्यात यायला लागली. बाई भिंतीला टेकून खाली बसली.

नवऱ्यानं विचारलं, “उद्या सकाळी आणला असता तर?”

“सकाळी कदाचित उशीर झाला असता. पुन्हा कधी ट्रे कोरडा दिसला तर रात्री दोनलाही फोन करा.”

नळी टाक्यानं बसवली, पिशवी जोडली. दोन-तीन दिवस ती राहील. अडथळा सुटल्यावर मूत्रपिंडं धो-धो पाणी टाकू लागतात, तेवढं सलाईन आत गेलं नाही तर बोका कोरडा पडतो. म्हणून पिशवीतलं मोजत राहावं लागतं. बाईला मी पिशवीवरच्या रेघा दाखवल्या, तिला इथेच थांबायचं होतं.

सव्वाबाराला ठोके 170 होते, पट्टीवर छोटी लाट परत आली होती, आणि पिशवीत तासाभरात 60 मिली जमलं होतं. सलाईनचा वेग वाढवला आणि पुढचं मोजमाप दोनचं, असं फळ्यावर लिहिलं.